मामाजींचं झाकण

माझ्या सासऱ्यांचा जगातल्या कुठल्याही झाकणावर विश्वास नव्हता. लोणच्याची बरणी, पाण्याची टाकी, स्कूटरची डिकी, काहीही बंद दिसलं की मामाजी आधी उघडून पाहायचे, मगच पुन्हा लावायचे. लग्न होऊन मी भिलाईला आले त्याच आठवड्यात त्यांनी माझी कोरी सूटकेससुद्धा उघडली. "मामाजी, माझी आहे ती," मी म्हटलं. "तुहीच हाये पोरी. पन कडी बराबर बसत नव्हती," ते म्हणाले. कडी ठोकून नीट करून दिली, आत काय होतं ते पाहिलंही नाही. मी मात्र आठ दिवस घुश्शात होते.

या खोडीचं मूळ मला पुढे कळलं. भिलाईलगतच्या हथखोजच्या एका लहान कारखान्यात ते फिटर होते. तिथल्या एका गिअरबॉक्सच्या झाकणाला सोळा बोल्ट. दर सोमवारी ते उघडून आत पाहायचं, असा नियम होता. सोळा बोल्ट कोण काढत बसणार, म्हणून सगळे न उघडताच 'पाहिलं' असं लिहून सही करायचे. एका सोमवारी सही मामाजींची होती, आणि त्याच आठवड्यात ते झाकण फुटून त्यांच्या कामावरच्या जोडीदाराचा हात कोपरापासून गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. "जे झाकन उघडाचा कंटाळा येते ना पोरी, तेच झाकन मानूस खाते." हे वाक्य मात्र पुढे मी हजार वेळा ऐकलं.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. मामाजींनी अंगणात विमान बांधायला घेतलं. एका माणसाचं, खरंखुरं. पंख, शेपूट, चाकं सगळं चार वर्षांत उभं राहिलं, आणि गाडी अडली ती इंजिनावरच्या झाकणाशी. त्याला काउलिंग म्हणतात. मी बोनेट म्हणायचे आणि बोलणी खायचे. हे झाकण कशाने बसवायचं? स्क्रू लावले तर घट्ट बसतं, पण उघडायला अर्धा तास, म्हणजे पुन्हा सोळा बोल्टांचीच गोष्ट. बिजागरीत लांब तार ओवली तर दिसायला छान, पण तार अडकली की ओढून ओढून हात सोलतात. तिसरे ते पाव फेरा फिरवला की 'टक' करून लागणारे लॉक. ते हाताने उघडतात, पण इंजिनाच्या थरथरीने आपोआप सुटले तर झाकण हवेतच उडून जाणार.

या तीन वस्तूंनी माझ्या संसाराची तीन वर्षं खाल्ली. नमुने माझ्या मसाल्याच्या डब्यात राहायचे. एकदा फोडणीत मोहरीबरोबर स्प्रिंग तडतडली. शेवटी त्यांनी एका पत्र्यावर तिन्ही प्रकार बसवले आणि तो पत्रा कोपऱ्यावरच्या आटाचक्कीच्या मोटरीला बांधून टाकला. महिनाभर रोज सकाळी जाऊन पाहायचे. चक्कीवाला मला म्हणायचा, "भाभी, बाबूजी को समझाओ, गिराहिक पूछते हैं ये क्या बज रहा है." समजावणार कोण? माझा नवरा घरात वडिलांशी बोलायचाच नाही. बोललाच तर हिंदीत, आणि तेही 'कबाड़' या एका शब्दापुरतं. त्या शब्दाने मामाजींचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलंय, आणि तरी मी कधी नवऱ्याला अडवलं नाही.

चक्कीवर स्क्रू ढिले झाले, तार तुटली, पाव फेऱ्याचे लॉक तेवढे टिकले. मग त्यांतही कुठले, यावर दोन महिने गेले. मामाजींनी माझा अंगठा मागितला. "तुह्या अंगठ्यानं खुललं त कोनाच्याबी अंगठ्यानं खुलते. मंग कोनी बहाना नाही करू शकत." माझ्या अंगठ्यानं निवड झाली: कान असलेले, बोटांनी फिरणारे बावीस लॉक. प्रत्येक लॉक बंद आहे की नाही ते लांबून दिसावं म्हणून त्यांवर, लॉक लागलं की सरळ दिसतील अशा लाल रेघा ओढल्या, माझ्या नेलपॉलिशच्या. मी कुरकुरले, पण बाटली दिली.

एका रविवारी अंगणात इंजिन चालू झालं. धूळ, पाचोळा, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे, सगळं उडालं. अर्ध्या तासाने मामाजींनी इंजिन बंद केलं आणि चष्मा पुसून एकेक रेघ पाहिली. बावीसच्या बावीस सरळ. त्या दिवशी ते दोनदा जेवले.

पण विमान उडालं नाही. परवानगीचे कागद फिरत राहिले, आणि तोवर मामाजींच्या डोळ्यांनी दगा दिला. विमान चालवायला ते ठीक आहेत असं लिहून द्यायला डॉक्टरांनी नकार दिला. त्यानंतर ते उडण्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. रोज सकाळी चाचपत अंगणात जायचे, झाकण उघडायचे, आत हात फिरवायचे, लावायचे. बावीस वेळा टक. शेवटच्या आजारपणात मला म्हणाले, "उडो का नाही उडो. पन उघडून पाहात जा. तूच पाह्यशीन, तो त कबाड म्हनते." मी हो म्हटलं. मला ते खरंच करायचं होतं. चार महिने केलंही.

मग एकेक दिवस राहून जायला लागला. नवऱ्याला अंगणात गाडी लावायची होती, आणि खरं सांगायचं तर मलाही अंगण हवं होतं. जवळच्या बागेच्या समितीने विमान शोभेसाठी मागितलं. चौथऱ्यावर बसवताना चोरीच्या भीतीने नाकावरून, म्हणजे त्या झाकणावरूनच, दोन लोखंडी पट्ट्या टाकायच्या ठरल्या. भिलाईत कुठल्याही प्रश्नाचं उत्तर वेल्डिंग असतं. काम सुरू करण्याआधी वेल्डरने, बिचाऱ्याने, मला विचारलं, "भाभी, ये कभी खोलना पड़ता है क्या?" हो म्हटलं असतं तर विमान परत अंगणात आलं असतं. मी म्हटलं, "नहीं भैया, कभी नहीं." मामाजींनी न उघडता एक सही केली होती आणि ती जन्मभर फेडली. माझ्याकडे कुणी सहीसुद्धा मागितली नाही.

परवा भाजी घेऊन बागेतून येताना माळी म्हणाला, "भाभी, जहाज के अंदर से कुछ टपकता है." चौथऱ्यावर तेलाचा काळा डाग होता. इंजिनातलं तेल काढायला हवं, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पट्टीशेजारच्या लॉकवर अंगठा दाबला. इतक्या वर्षांनी, इतक्या पावसांनंतर तो लोण्यासारखा फिरला, पाव फेरा, आणि टक असा आवाजही आला. बाकीचे एकवीसही तसेच फिरले. पट्ट्यांखालचं झाकण उघडलं नाही.