अक्कांच्या बकऱ्या

मी रोज सकाळी भडगावहून गिरणाकाठच्या खेड्यांकडे पळायला जातो. वाटेत बकऱ्या चारणाऱ्या एक अक्का भेटतात. मी पळताना दिसलो की त्या बकऱ्यांना सांगतात, "बाजूले व्हा, मानूस पयी राह्यना." माझ्याशी बोलत नाहीत.

एकदा मला भोवळ आली. अक्कांनी बांधावर बसवलं. "बकऱ्यास्वर ध्यान ठेव, मी पानी लई येस," म्हणून त्या गावाकडे गेल्या. मी हाकारत राहिलो, तरी बकऱ्या कपाशीत शिरल्या. अक्का परतल्या आणि पाठोपाठ शेतमालक आला.

"ध्यान कोठे व्हतं?" तो ओरडला.

मी बोलणार, तोच अक्कांनी तांब्या माझ्या तोंडाला लावला.

"मना डोया लागी गया व्हता," त्या डुलकीचं कारण देत त्याला म्हणाल्या.

त्याच्या शिव्या संपेपर्यंत मी पाणी पीत होतो.