बाळाला पुस्तक दाखवू नये

मी काही लिहावं, एवढी माझी योग्यता नाही. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आणि जे सांगणार आहे ते — कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

चाकणजवळच्या आमच्या गावी मी सुट्टीत मोठ्यानं वाचून अभ्यास करत असे. वहिनी, थोरल्या भावाची बायको, शाळेत कधी गेलेली नव्हती. आठ महिन्यांच्या सुमनला मांडीवर घेऊन ती शेजारी येऊन बसे. "वाचा की भावजी, पोर आयकती." सुमन खरंच ऐके. पानावर तळहात आपटी, कोपरा तोंडात घाली. मग मी माझं जुनं पहिलीचं पुस्तक काढलं. वहिनी तिचं बोट धरून चित्रावर ठेवी. पुढं पुढं अक्षरावरही ठेवू लागली. निम्मं ती स्वतःसाठीच शिकत होती — हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं.

एकदा आळंदीला आलेला कॉलेजातला मित्र अचानक घरी आला. आम्हा तिघांना पाहून दारातूनच हसला.

"काय राव, शाळा काढलीस! विद्यार्थी दुपट्यातले?"

माझे कान तापले. मीही हसलो. आणि वहिनीला म्हणालो — त्याला ऐकू जाईल अशा आवाजात — की वर्षाच्या आत बाळाला पुस्तक दाखवू नये, नजर अधू होते, आमच्या पुस्तकात लिहिलंय.

असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

"आदी का न्हाई सांगितलंत, भावजी?" वहिनी एवढंच बोलली. सुमनचे डोळे तिनं ओल्या पदरानं पुसले. पुढं कित्येक दिवस ती तिच्या डोळ्यांपुढं बोट फिरवून बघे — नजर बोटामागं जाते ना? सुमन पुस्तकाकडं झेपावली की तिला उचलून आत नेई, सुमन रडे. मी समोरच असे. मित्र तर त्याच दिवशी परतला होता. मग मी कुणाला भीत होतो? शिकलेला माणूस खोटं बोलला, हे वहिनीला कळेल — एवढ्यालाच.

परवा दादा पुण्याला माझ्या वसतिगृहावर आला. वहिनीला मुलगा झालाय. शाळेतल्या मास्तरणीनं बाळासाठी चित्रांचं पुस्तक आणलं, तर वहिनीनं ते दारातूनच परत केलं. आळीतल्या बाळंतिणींनाही ती बजावते म्हणे.

"तुजं नाव घिऊन सांगती," दादा कौतुकानं म्हणाला. "समद्या आयकत्यात."