जयाच्या तेरवीनंतर

चंपतराव सीताबर्डीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. बाहत्तर सालच्या माघात त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी जया काविळीनं गेली, तेव्हा तिच्या तेरवीची पत्रंही त्यांनीच जुळवली. मालक म्हणाले, दुसरा कोणी करेल. चंपतरावांनी ऐकलं नाही. नाव जुळवलं, प्रूफ वाचलं, एक काना राहिला होता तो घातला. रडू आलं नाही. घरी बायको गोपिका रडायची, तिच्याकडेही ते रस्त्यावरचं काही परकं पाहावं तसे पाहायचे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते बहिणीला, इंदूबाईला, एसटीवर पोचवायला गेले. तिला सावनेरला जायचं होतं. तिची पिशवी वर ठेवली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकले. गाडी सुटली तरी उठले नाहीत.

"दादा, काहून बसून राहिले? उतरा न!"

"राहू दे."

सावनेर आलं. इंदूबाईनं हात धरून ओढलं, तरी ते जागचे हलले नाहीत. "तू जाय. वहिनीले निरोप दे," एवढंच म्हणाले.

गाडीत चौरागडच्या महादेवाला, महाशिवरात्रीच्या यात्रेला निघालेले लोक होते, सोबत त्रिशूळ होते. कंडक्टरनं विचारलं, "कुठलं देऊ?"

"हे जातात तिथलं."

छिंदवाड्याला गाडी बदलून ते जुन्नारदेवला उतरले. तिथून यात्रेकरू सातपुड्यातून पायी निघतात. चंपतरावही निघाले. अंगावर एक सदरा, पायात चपला. कोणाच्या मेळ्यात गेले नाहीत. दिवसभर साग आणि बांबूच्या रानातून, चढउतारावरून चालायचे, कोणी भाकरी दिली तर खायचे, दिवस मावळला की जिथं असतील तिथं आडवे व्हायचे. दुसऱ्या दिवशी नदीच्या गोट्यांत चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. टाचेतून रक्त आलेलं त्यांना दुसऱ्याच एका माणसानं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी चौरागडाच्या पायऱ्यांशी कन्हानहून आलेल्या सिंधूताई नावाच्या बाई बसल्या होत्या. शेजारी पुरुषभर उंचीचा लोखंडी त्रिशूळ.

"भाऊ, हा धरता का? माह्या खांद्याची सालं निघाली."

त्यांनी उचलला. लोखंड थंडगार होतं. काही पायऱ्या चढल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाचा नवस?"

"माह्या पोराचा. कावीळ झाली होती त्याले. डाक्टरनं हात टेकले होते. पण वाचला."

चंपतराव थांबले. मागचे लोक बाजूनं चढत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले.

"तुमच्या घरी सारे बरे हायेत न?"

"हाव."

खोटं का बोललो, हे त्यांना कळलं नाही. त्रिशूळ दुसऱ्या खांद्यावर घेऊन ते चढू लागले. वर देवळापाशी हजारो त्रिशुळांचा ढीग होता. सिंधूताईंनी कुंकू लावलं, दोघांनी मिळून त्रिशूळ उभा केला. बाई हात जोडून रडत होत्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही काही मागत नाही?"

"सुचून नाही राहिलं."

सहाव्या दिवशी ते घरी आले. गोपिकेनं पाणी तापवलं, त्यांचे पाय परातीत घेऊन धुतले. मग म्हणाली, "मले सांगितलं असतं तर मीबी आली असती जी. माही पोरगी नव्हती का ते?"

त्यांच्या टाचा भरायला महिना लागला. त्या काळात ते छापखान्यात उभ्यानं करायचं काम बसून करायचे आणि संध्याकाळी सरळ घरी यायचे. शेजारी विचारायचे, दर्शन झालं का? ते हो म्हणायचे.

पुढच्या वर्षी महाशिवरात्रीला दोघं चौरागडला गेली. नवस नव्हता, त्रिशूळ नव्हता. पहिल्याच चढावर गोपिका पुढे निघून गेली. दमून एका दगडावर बसली आणि ते पोचल्यावर म्हणाली, "जयाले चढता आलं असतं का हे?"

"तिले कंटाळा होता चालायचा," चंपतराव म्हणाले. "शाळेतबी खांद्यावर नेत होतो."

वर्षभरात त्यांनी तिच्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. गोपिका सरकली. ते शेजारी बसले आणि शाळेच्या वाटेचं सगळं सांगत राहिले.