मी लोकशाहीला नको म्हणालो

आमच्या गावात लोकशाही एका दुपारी आली, आणि मी तिला "नको" म्हणालो.

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने तेव्हा गावोगाव पंचायती काढायला घेतल्या होत्या. गावाचा कारभार गावानेच करावा, असा वरून हुकूम आला (हुकुमाशिवाय आम्ही स्वतंत्र कसे होणार!). मोर्शीकडच्या आमच्या गावात पंचायत आधी एक विहीर खोदणार होती. ती वरच्या पुऱ्यातल्या वस्तीत की आमच्या खालच्या, हे सरपंच ठरवणार. माझी बायको गिरजा रोज नाल्यावरून पाणी आणी. तिने बजावले, "सरपंच व्हा, नाई तं मंग घागरी तुमच्या डोक्यावर."

गाव माझ्याच बाजूने होता. वरच्या पुऱ्यातले किसनराव तेवढे इच्छुक होते. त्यांची ख्याती एवढीच, की पंगतीत त्यांना कधी आग्रह करावा लागत नसे. वाढपी लांबून दिसला, की ते पत्रावळ पुढे सरकवीत.

सभेला निघताना माझ्या बाने मला शिकवले, "हे पाय, पयल्यांदा नाई मनजो. दुसऱ्यांदाबी नाई मनजो. तिसऱ्यांदा लोकायनं हात धरला, का मंग बस. लगेच हो मनशीन तं लोक मनतीन, हपापला हाये." एवढे सांगून त्याने माझ्यासाठी आणलेला हार पिशवीत घातला. गिरजाने शिऱ्याचे पातेले दिले.

मारुतीच्या पारावर नायब तहसीलदार बसले होते. त्यांना दिवस मावळायच्या आत आणखी दोन गावांना लोकशाही द्यायची होती.

"नामदेवराव, सगळे तुमचे नाव घेताहेत. सरपंच व्हायला तयार आहात?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नाई साहेब, मी कायचा? माह्यापेक्षा मोठे मानसं हायेत."

काय सुरेख म्हणालो! बाचे डोळे भरून आले. मी दुसरा नकार तोंडात तयार ठेवला.

"बरं," साहेब म्हणाले. "दुसरे कोणी?"

"हाव साहेब, मी," किसनराव उठलेच.

बा धावत पुढे गेला. "थांबा ना साहेब, त्यानं एकडावच नाई मनलं!"

"मग किती वेळा म्हणायचे असते?"

"तीनदा."

"कायद्यात एकदाच विचारायला सांगितले आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी गावाला हात वर करायला लावले. माझ्या माणसांचेही हात वर गेले. त्यांना वाटले, मी नाही म्हणतोय म्हणजे घरी काही अडचण असेल.

हार किसनरावांच्या गळ्यात पडला (दुसरा नव्हताच). शिराही त्यांनीच खाल्ला. आग्रह करावा लागला नाही.

विहीर त्यांच्या दारासमोर झाली. गिरजा बोलल्याप्रमाणे वागली. पहिल्या दिवशी वरच्या पुऱ्यातून घागरी वाहून माझी मान मोडली, पोटात कावळे ओरडायला लागले, आणि मी बाशेजारी जेवायला बसलो. एक भाकर कधीच संपली.

"आनखी वाढू?" गिरजाने विचारले.

जन्माची सवय. तोंडातून गेले, "नको."

तिने टोपले उचलले.

"अवं, थांब ना, हे पयलंच नको होतं!"

"एकडावच इचारायचं असते," ती म्हणाली आणि पदर सावरून बाच्या ताटाकडे वळली.

तिने तोंड उघडायच्या आत बा म्हणाला, "हाव, वाढ."