नवाच्या घरात एक कमी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिच्याबद्दल आहे तिच्याशी तर यावर बोलण्याचा प्रश्नच नाही, कारण तिला ते माझ्याआधी माहीत होतं. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल.

मी मूळची गोंदिया शहरातली. लग्नाआधी नागपूरला माँटेसरीचा कोर्स केला होता, मग दोन-तीन वर्षं एका बालवाडीत शिकवलं. लग्न होऊन दवनीवाड्याजवळच्या गावात आले, तेव्हा सामानात एक ट्रंक भरून लाकडी साहित्य होतं. रंगीत मणी, लांब-आखूड दांडे, खरखरीत कागदाचे आकडे. सासूबाई म्हणाल्या, भांडी आणली असतीस तर कामाला आली असती. मला राग आला होता. मला राग फार पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मग ते कोरोनाचं वर्ष आलं, शाळा बंद पडल्या आणि माझी ट्रंक उघडली. घरात दोन मुली होत्या, दोघीही पाच वर्षांच्या. एक माझी समू, दुसरी धाकट्या जावेची पूर्वा. जाऊ भाताच्या रोवणीला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जायची आणि पूर्वाला माझ्याकडे ठेवायची. दुपारी सगळं घर शेतावर, मागे आम्ही तिघीच.

त्या साहित्यात काड्यांची एक पेटी होती. (सासूबाई तिला काडीपेटी म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.) पेटीला दहा घरं, शून्यापासून नवापर्यंत. एकाच्या घरात एक काडी, दोनाच्या घरात दोन, असं करत नवाच्या घरात नऊ. शून्याचं घर रिकामं. काड्या बरोबर पंचेचाळीस असतात, एकही जास्त नाही. मूल मोजताना कुठे चुकलं तर नवाच्या घरात काडी कमी पडते, किंवा हातात उरते. बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरजच नाही, पेटीच सांगते. बाईंनी फक्त गप्प बसायचं. कोर्समध्ये हे शिकले तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं.

तर ही पेटी पूर्वाला पहिल्याच दिवशी जमली. आणि समू? समू काड्या चावायची. तिनाच्या घरात पाच ठेवायची, मग रडायची. मी रात्रंदिवस तिच्या मागे लागले तरी तेच. एकदा नवरा जेवताना सहज बोलून गेला, “पूर्वा हुशार आहे बरं, शिकवणारीचं नाव काढेल.” मी वाढत होते, तशीच वाढत राहिले. तुम्हाला कधी असं झालंय? घास दुसऱ्याच्या तोंडात आणि ठसका आपल्याला?

पूर्वाची एकच खोड होती. ती ‘एक’ म्हणायची नाही. सासरे धान मोजायचे तसं मोजायची — लाभ, दोन, तीन. पहिल्या पायलीला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मुली त्यांना आबाजी म्हणत. मी पूर्वाला बजावलं, इथे ‘एक’च म्हणायचं. ती घाबरून म्हणाली, “आबाजी म्हनते, एक म्हनलं का कोनी तरी घेऊन जाते.” मी हसले. शिकलेली बाई होते ना मी.

आता ते सांगते. टाळून टाळून इथवर आले.

एके दुपारी पूर्वाच्या हातात पेटी देण्याआधी मी त्यातली एक काडी काढली आणि कमरेला निऱ्यांजवळ खोचली. का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नाचाच कंटाळा येतो. तिला एकदा तरी चुकलेलं मला पाहायचं होतं, बस. ती मोजत गेली — एक, दोन, तीन, माझ्या सांगण्यावरून एक म्हणत — आणि नवाच्या घरात आठच आल्या. तिने सगळं उपसून पुन्हा मोजलं. पुन्हा आठ. तिचे कान लाल झाले. आणि मी गप्प बसले, कारण पद्धतच ती आहे. बाईंनी बोलायचं नसतं.

नंतर मी काडी परत ठेवली आणि समूला पेटी दिली. हात धरून भरून घेतली. पुरी भरली.

एकदाच केलं असतं तर... पण मी रोज करू लागले. कधी दोन दिवस सोडून, म्हणजे शंका नको. शेवटी पूर्वाने मान वर करून विचारलं, “मोठीआई, एक म्हनलं म्हून नेलं का वं?”

तेव्हा मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “असेल.”

त्या एका शब्दानंतर घरात काहीतरी आलं. दुसऱ्या दिवसापासून पूर्वा पेटी उघडली की शून्याच्या रिकाम्या घरावर हात आडवा धरायची. समूने तिथे बोट घातलं तर ओरडली, “तिथं नको! तो बसला हाये.” कोण, म्हणून विचारलं तर नेणारा, म्हणाली. समूने रिकाम्या घराकडे टक लावून पाहिलं आणि तीही मागे सरकली. बाहेर ऊन नव्हतं, वारा नव्हता, सगळा गाव शेतात. मी त्या घरात पाहिलं. लाकूडच होतं, दुसरं काय असणार? तरी पेटी उचलताना मी त्या बाजूने धरली नाही.

मग ती सगळंच मोजू लागली. कोंबडीची पिल्लं, ओसरीवरच्या चपला. संध्याकाळी जेवायला बसलेली माणसं मोजायची आणि म्हणायची, “एक कमी हाये.” रोज. सासूबाई एकेकाचं तोंड पाहायच्या, सगळे तर बसलेले. घास फिरेना. ती स्वतःला मोजत नव्हती. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं नाही. सासूबाईंनी “पोरीले काई लागलं,” म्हणून मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. जाऊ रडली. मिरच्यांचा ठसका मात्र सगळ्यांना लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच, आणि मी हायसं वाटल्यासारखी खोकत राहिले.

एवढं झाल्यावर मी घाबरले आणि काडी काढणं बंद केलं. त्या दुपारी मी स्वतः काड्या मोजल्या. पंचेचाळीस. पेटी चटईवर ठेवली, आत जाऊन पाणी प्याले आणि परत येऊन बसले. समू झोपलेली. पूर्वाने मोजायला घेतलं. सावकाश, एकेक काडी.

नवाच्या घरात आठ.

मी पेटी ओढली, उपसली, मोजली. एक कमी. चटई झटकली, उशी झटकली, पदर झटकला. पूर्वा शांत बसून माझ्याकडे पाहत होती. “आज बी नेलं,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर काड्या पूर्ण. आणि तिने मोजल्या की पुन्हा एक कमी. असं कितीतरी दिवस चाललं. मी, नागपूरला शिकून आलेली, भाताला तांदूळ घेताना पहिल्या मापाला तोंडातल्या तोंडात ‘लाभ’ म्हणायला लागले. हसू नका. त्या घरात त्या दुपारी तुम्ही असतात तर तुम्हीही म्हणाला असतात.

मग एकदा चिखलाने भरलेला तिचा फ्रॉक मी बदलत होते. कमरेच्या इलॅस्टिकमधून काडी खाली पडली. टक्क आवाज झाला. तिने ती उचलून माझ्या हातात दिली.

“तू घेतली?”

“तुनं घेनं सोडलं, म्हून मी घेतली.”

माझ्या तोंडची शहरी भाषा पळाली. “तुले माहीत होतं? मंग बोलली काऊन नाही वं?”

“मी त पह्यलेपासून पाहून राह्यली. तू कमरेत खोचते.” मग तिने माझा चेहरा नीट पाहिला, जणू मीच काही विसरले होते. “मले कमी आलं का तुले बरं वाटते ना.”

तो शून्याच्या घरात बसलेला, जेवणाच्या पंगतीतला तो एक कमी — हे तिला खरंच दिसत होतं की माझ्या ‘असेल’ला ती साथ देत होती, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. मी काय केलं सांगू? तिला जवळ घेतलं नाही. ओठांवर बोट ठेवलं. कुणाला सांगायचं नाही. तिने मान डोलावली आणि आजपर्यंत पाळलं.

आता दोघी एकाच शाळेत आहेत, वरच्या वर्गात. समू गणितात बरी निघाली. पूर्वाला मार्क कमी पडतात, फार नाही, समूपेक्षा थोडेच, दर वेळी. सर म्हणतात, फळ्यावर येतं तिला, पेपरात घोटाळा करते. जाऊ मला म्हणते, “आमच्या पोरीचं डोकंच नाही चालत गणितात. समूसारखं कुठून आनाव?” मी म्हणते, होईल हळूहळू.

काल संध्याकाळी दोघी ओसरीवर बसून गणितं सोडवत होत्या. मी समोर भाजी निवडत होते. पूर्वाचं शेवटचं गणित झालं, उत्तर बरोबर होतं, मला तिथून दिसत होतं. तिने मान तिरकी करून समूचं पाहिलं. समूचं चुकलं होतं. पूर्वाने खोडरबर घेतलं, आपलं उत्तर पुसलं आणि दुसरंच काहीतरी लिहिलं. कागदावरचा कचरा फुंकून टाकला. मग डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती, राग नव्हता. बरोबर केलं का, एवढंच विचारत होती.

मी मान हलवली. हो म्हणून.