जिचं नाव कागदावर नव्हतं

राजाभाऊ चांदोरकरांना झाशीत कुणी आडनावाने ओळखत नाही. ते पासवाले राजाभाऊ. रेल्वेच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे कर्मचाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे फुकट प्रवासाचे पास बनवणं. कुणाला किती मुलं, कुणाची म्हातारी आई खरोखर मुलावर अवलंबून आणि कुणाची नुसती पासापुरती, सगळं त्यांना तोंडपाठ. नियम एकच. ज्याचं नाव पासवर तो गाडीत, ज्याचं नाही त्याने तिकीट काढावं. साहेब असो की हाताखालचा खलाशी, या बाबतीत त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

घरीही ठेवली नाही. एकुलत्या एक मुलीचं, कश्मिराचं, लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने तिचं नाव पासातून काढलं. मांडवाची फुलं अजून सुकायची होती. स्नेहलताबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, तुमच्या हाताला काही वाटतच नाही का?" राजाभाऊंना वाटलं होतं.

निवृत्त झाले तरी सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरी माणसं कागद घेऊन येतच राहिली. पेन्शनचा अर्ज असो, जन्माचा दाखला असो, "राजाभाऊ जी, ज़रा देख लीजिए." राजाभाऊ चष्मा पुसायचे, कागद वाचायचे आणि निकाल द्यायचे. निकाल सहसा चुकत नसे, हीच पुढे पंचाईत झाली.

कश्मिरा अमेरिकेत असते. नवऱ्यापासून वेगळी झाली, मुलगी मुग्धा तिच्यापाशी. मुग्धाचा जन्म झाशीचा, रेल्वे हॉस्पिटलातला. चार वर्षांची होऊन ती तिकडे गेली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत कश्मिराने शपथ घेतली आणि ती अमेरिकेची नागरिक झाली. प्रमाणपत्राचा फोटो तिने वडिलांना पाठवला आणि विचारलं, "बाबा, आता मुग्धाचं काय?"

राजाभाऊंनी फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा वाचला. "यात तिचं नाव कुठेच नाही. म्हणजे तू झालीस त्यांची. मुग्धा आपलीच."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज हलका झाला होता. मुलगी कागदावरून गेली तरी नात राहिली, याचं त्यांना बरं वाटलं होतं. पुढे स्वतःची झाडाझडती घेताना त्यांना तो आवाजच आधी आठवायचा. तेव्हा मात्र कश्मिराने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. बाबांनी पाहिलंय म्हटल्यावर आणखी कुणाला काय विचारायचं?

एप्रिलमध्ये तिची नोकरी नव्या शहरात गेली. तिथे बस्तान बसेपर्यंत, वर्षभरासाठी, मुग्धा भारतीय पासपोर्टवर झाशीला आली. राजाभाऊंनी तिला शाळेत घातलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, 'भारतीय' लिहिलं. पोरगी महिन्याभरात रुळली. मराठी कळायचं सगळं, पण बोलायची गल्लीतली हिंदी. आजीला "हम नईं खा रए" म्हणायची, आणि आजी हसत हसत आणखी एक पोळी वाढायची.

यंदा मे महिन्यात कश्मिरा तिला न्यायला आली. मुग्धाला बाहेर राहून वर्ष उलटलं म्हणून परतीच्या परवानगीसाठी मायलेकी दिल्लीला अमेरिकेच्या वकिलातीत गेल्या, तेव्हा खिडकीमागच्या बाईने तारखा पाहिल्या आणि सांगितलं, हिला कसलीच परवानगी नको, ही आमचीच नागरिक आहे, आईने शपथ घेतली त्या दिवसापासून. तिथला कायदाच तसा. कायम राहायची परवानगी असलेलं लहान मूल आईजवळ राहत असेल, तर आईबरोबर तेही आपोआप नागरिक होतं. अर्ज लागत नाही, कागदावर नाव लागत नाही. थोड्या दिवसांत मुग्धाच्या हातात निळा पासपोर्ट आला.

पण आपल्याकडे एका माणसाला दोन देश चालत नाहीत. दिल्लीतल्या एका वकिलाने कश्मिराला स्पष्ट सांगितलं, जुना भारतीय पासपोर्ट शपथेच्या दिवसापासूनच बाद धरला जाणार. म्हणजे वर्षभर मुग्धा व्हिसाशिवाय राहिलेली परदेशी मुलगी ठरते. आता तिची पोलिसांत नोंद करायची, दंड भरायचा, मग देश सोडायचा परवाना मिळणार.

राजाभाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं. "चूक माझी आहे," ते म्हणाले. असं वाक्य त्या घरात आधी कुणी ऐकलं नव्हतं.

सुटकेची वाट दाखवली ती बाजारातल्या ट्रॅव्हल एजंट नीरजने. "अरे राजाभाऊ जी, सब यही करते हैं. दिल्ली में पुराना दिखाओ, वहाँ उतरकर नया. बिटिया से कोई पूछे तो बोल दे, इंडियन हूँ. बस."

स्नेहलताबाईंना ते एकदम पटलं. "तसंच करा. जुना पासपोर्ट तिच्याकडेच राहू दे. माझ्या नातीचं नाव परकी म्हणून पोलिसांच्या वहीत लिहायला मी तुम्हाला जाऊ द्यायची नाही. एकदा मुलीचं नाव खोडलंत, तेवढं पुरे झालं."

राजाभाऊंनी हिशेब मांडला. खरं सांगितलं तर पासपोर्ट जाणार, दंड होणार, आणि यापुढे नातीला आजोळी यायला परवानगी मागावी लागणार. खोटं चाललं तर काहीच बिघडणार नव्हतं. चार दिवस त्यांनी तेच चालू दिलं. हो, पासवाल्या राजाभाऊंनी!

पाचव्या दिवशी सकाळी मुग्धा आरशापुढे उभी होती. "इंडियन हूँ," ती म्हणाली. मग मान जरा वर करून, हसून, पुन्हा म्हणाली. मग विचारलं, "आजोबा, हँसके बोलें कि सीधे?"

दहा वर्षांची पोर खोटं घोटवत होती, आणि ते खोटं त्यांच्या चुकीवर पांघरूण घालायला होतं. राजाभाऊंना स्वतःची शरम वाटली. त्यांनी दोन्ही पासपोर्ट उचलले, कश्मिराला हाक मारली आणि मुग्धाच्या पायात चप्पल घातली. स्नेहलताबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद घेणारा विभाग एका खोलीचा आहे. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे केला. ज्याच्या घरी परदेशी माणूस राहतो, त्या यजमानाने भरायचा. राजाभाऊंनी लिहिलं. परदेशी व्यक्तीचं नाव, मुग्धा. जन्मस्थान, झाशी. हवालदाराने मान वर करून पाहिलं. यजमानाचं नाव, राजाराम चांदोरकर. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. जुना पासपोर्ट त्यांनी स्वतः टेबलावर ठेवला आणि वर्षभराची हकीकत, कुणावर काही न ढकलता, वेगळ्या कागदावर लिहून दिली.

देश सोडायचा परवाना यायला दोन आठवडे गेले. तो घ्यायला तिघं पुन्हा गेली. कश्मिरा निळ्या पासपोर्टच्या प्रती काढायला समोरच्या दुकानात गेली, आणि मुग्धाने कचेरीच्या पायरीवर बसून तो कागद वाचला. इंग्रजी तिला सगळ्यांत चांगलं येतं.

"आजोबा, इसमें लिखा है, चौदह दिन में इंडिया छोड़ना है. किसको?"

"तुला."

"हमको? किसने बोला?"

साहेबांनी, सरकारने, कायद्याने. कितीतरी उत्तरं होती, आणि सगळी खरीच होती. राजाभाऊ तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी मागितलं, बाळा. मीच अर्ज केला."

त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. मुग्धाने कागदाची नीट घडी घातली, त्यांच्या खिशात ठेवली आणि वर्षभरात पहिल्यांदा अख्खं वाक्य मराठीत बोलली.

"आजीला तुम्ही नका सांगू. मी सांगते."