आतला जुना कॉम्प्युटर

ब्रह्मा घाटावरचा आमचा हा शेजारी कॉम्प्युटरपुढे बसताना चपला बाहेर काढतो. बोलणं अर्धं हिंदी, दर वाक्याला "देखिए काका". मला आधी ढोंगीच वाटायचा.

आमची ही जायच्या आधी तिनं आपले सगळे पदार्थ त्याला सांगितले, त्यानं ते टाइप केले. माझ्याकडे वही नाही, चिठोरं नाही. त्याच्या कॉम्प्युटरच्या पोटात त्यानं आणखी एक खोटा कॉम्प्युटर बनवलाय, त्यात ते ठेवलेले. एकदा म्हणाला, त्या आतल्याची सिस्टीम जुनी झाली, नवी घालतो.

मी म्हटलं, "तिचं काही गेलं तर याद राख."

"देखिए काका, आधी सगळ्याची नक्कल करून ठेवलीय."

नवी घातली आणि तिच्या शब्दांचे नुसते चौकोन दिसायला लागले. त्यानं दिवसभराची मेहनत पुसली, नक्कल परत आणली.

"राहू दे जुनंच. काकूंना नवं कशाला?"

आता मी त्याच्याकडे गेलो की तो चपला काढतो आणि वाचतो, "काकू म्हणतात, आमटीत गुळाचे दोन खडे."

"खोटं. एकच घालायची."

तो वाद घालत नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचतो.